परत विचारा

ज्या बाईनं माझी तीन महिन्यांची मेहनत एका दुपारी पाण्यात घातली, तिच्याबद्दल मी आज चांगलं लिहायला बसले आहे. माझ्या आईला कळलं तर ती कपाळाला हात लावेल. "तीच ना ती कंडक्टरबाई, जिच्या नावानं तू घरी येऊन बोटं मोडायचीस?" असं विचारेल. हो, तीच. बोटं मी मनापासून मोडली होती. शिव्याही दिल्या होत्या. त्या इथे लिहीत नाही, कारण देवकाबाईंना शिवी खपत नसे. गाडीत कोणी शिवी हासडली की त्या घंटी मारून गाडी थांबवत आणि त्याला म्हणत, "उतर. तोंड धुऊन ये. गाडी थांबते तुह्यासाठी."

देवकाबाई एसटीत कंडक्टर होत्या. दारव्हा, दिग्रस, पुसद, महागाव, ह्याच रस्त्यावर त्यांची सारी नोकरी झाली. बुटक्या, अंगानं रुंद, आवाज मागच्या सीटपर्यंत पोचणारा. रिटायर झाल्यावरसुद्धा त्या दोन्ही पाय अंतरावर रोवून उभ्या राहायच्या, जशी काही फरशी आता वळण घेणार आहे. चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकलेला. कोणी कागद दिला की आधी चष्मा पदरानं पुसायच्या, मग कागद वाचायच्या, मग तो देणाऱ्याकडे पाहायच्या. हे तिन्ही होईपर्यंत समोरच्याला उगाचच आपण काही गुन्हा केल्यासारखं वाटायला लागे.

गाडीतला एक किस्सा त्या ज्याला त्याला सांगत. खिडकीशी एक म्हातारा झोपलेला होता. शेजारी बसलेला माणूस म्हणाला, "हे दिग्रसचे आहेत, फाडा दिग्रसचं तिकीट, कायले उठवता?" बाईंनी म्हाताऱ्याला हलवून जागं केलं. म्हातारा करवादला. मग म्हणाला, मला मधेच उतरायचंय, लेकीच्या गावाला. "आता सांग," देवकाबाई म्हणायच्या, "त्या बाजूवाल्याले पक्कं मालूम होतं. खोटं नव्हता बोलत बिचारा. पन बाबाले कुठं जाचं हाय थे बाबाले इचारल्याबिगर कसं समजन?" हा किस्सा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नव्हतं.

यवतमाळात एक संस्था आहे. नाव सांगत नाही. तिथे माणसांवर संशोधन चालतं, म्हणजे लोकांना प्रश्न विचारून, तपासून, कधी रक्त घेऊन एखाद्या आजाराचा माग काढतात. मी तिथे फील्डवर होते, गावोगाव फिरून फॉर्म भरून आणणारी. असं काहीही सुरू करायचं तर आधी एथिक्स कमिटीची मंजुरी लागते. माणसांशी नीट वागणार आहात ना, त्यांना खरं सांगणार आहात ना, हे ती कमिटी पाहते. तिच्यात डॉक्टर असतात, वकील असतात, आणि नियमानं एक माणूस असा लागतो जो यातला कोणीच नाही. साधा, बाहेरचा माणूस. तो नसेल तर बैठकच भरत नाही. आधीचे गृहस्थ गावाला राहायला गेले, म्हणून कोणीतरी दारव्ह्याच्या देवकाबाईंचं नाव सुचवलं. येतील, चहा-बिस्किट घेतील, सही करून जातील, असा सगळ्यांचा अंदाज होता.

पहिल्याच बैठकीत त्यांनी चहा बाजूला सारला आणि एका गोळीच्या अभ्यासाचा संमतीचा कागद ओळीखाली बोट ठेवून मोठ्यानं वाचायला घेतला. "सदर अभ्यासातील सहभाग पूर्णतः ऐच्छिक असून..." तिथेच थांबल्या.

"ऐच्छिक म्हनजे?"

"म्हणजे इच्छेनुसार," सर म्हणाले. सर म्हणजे आमचे डॉक्टर, अभ्यास त्यांचा होता.

"मंग मन असन तं या, नसन तं नका येऊ, असं लिहा न. शाई जास्त लागते काय?"

वकीलसाहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चहा घेऊन आलेल्या मावशींना हात धरून खुर्चीवर बसवलं आणि सरांना म्हणाल्या, "कागद ठेवा तिकडं. हिले सांगा तोंडानं. हिले समजलं तं मी सही करते." चहाच्या मावशी घाबरून पदर चोळत बसल्या. सरांनी बराच वेळ समजावलं. शेवटी मावशींनी विचारलं, "म्हनजे गोळी चांगली हाय का नाही थे तुमालेच मालूम नाही, अन् थे आमाले देऊन पाहनार?" वकीलसाहेबांचं हसू मावळलं. कारण अगदी तेच होतं. सहा पानांत जे सापडत नव्हतं ते त्या बाईनं एका दमात सांगितलं होतं. देवकाबाईंनी त्या दिवशी सही केली नाही. कागद बदलून आणा म्हणाल्या.

तेव्हापासून कमिटीच्या दिवशी चहाच्या मावशी जरा लवकरच यायच्या आणि डोक्याला तेल लावून यायच्या.

सर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून तुम्ही त्यांना खलनायक कराल, तर तसं करू नका. कपाशीवर फवारणी करणाऱ्या मजुरांचे हाल त्यांनी वॉर्डात डोळ्यांनी पाहिले होते. आपल्याकडे किडीच्या विषाला औषध म्हणतात, आणि ते औषध मारता मारता माणूस चक्कर येऊन पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, हे आपल्याला नवीन नाही. ते औषध मजुरांच्या रक्तात किती उतरतं हे सरांना पुढच्या अभ्यासात शोधायचं होतं. काम मोलाचं होतं. म्हणूनच तर सगळा गोंधळ झाला. काम मोलाचं आहे म्हटलं की माणसाला घाई होते, आणि आपण चांगलंच करतोय ह्या भरवशावर तो विचारायचं विसरतो. मी विसरले.

महागाव तालुक्यातलं, फुलसावंगीच्या बाजूचं एक गाव मला मिळालं होतं. मजूर सकाळी वावरात जातात ते सांजेला येतात. घरोघर फिरून चपला झिजल्या तरी माणूस सापडत नव्हता. मग मला अक्कल सुचली. रेशनचं दुकान, म्हणजे गावाकडचं कंट्रोल, महिन्यातून काही दिवस उघडतं आणि तेव्हा अख्खं गाव तिथे रांगेत असतं. मी दुकानदाराला विचारलं आणि त्याच्या ओट्यावर आपलं टेबल लावलं. एका टेबलावर त्याचं अंगठ्याचं मशीन, शेजारच्या टेबलावर माझा कागद आणि शाईचं पॅड, त्याच्यामागे रक्त घेणारा टेक्निशियन. लोक त्या मशीनवर अंगठा लावायचे, पिशवी सावरत दोन पावलं पुढे यायचे आणि माझ्या कागदावर अंगठा लावायचे. मी कागद वाचून दाखवत होते, अगदी नियमानं. ते मान डोलवत होते. मग हात पुढे करत होते. दोन खेपांमध्ये गावातल्या फवारणीच्या मजुरांची यादी पूर्ण. एकही नकार नाही. सरांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं आणि मी आठवडाभर हवेत होते.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी ताठ मानेनं अहवाल वाचला. देवकाबाईंनी चष्मा पुसला.

"नाही म्हननारं एकबी नाही?"

"एकही नाही, मावशी."

"पोरी, म्या जिंदगीभर तिकिटं फाडली. भरलेल्या गाडीत सगळेच्या सगळे एकाच गावाले जानारे मले एक दिवस नाही भेटले." मग जरा थांबून, "नाही म्हननारं कोनी नाही, म्हनजे इचारलंच नाही तुमी. टेबल कुठं मांडलं होतं?"

मी अभिमानानं सांगितलं. त्यांनी कागद उलटा करून ठेवला.

दोन दिवसांनी त्या माझ्यासोबत गावात होत्या. कापसाची वेचणी चालू होती. सरपंचाकडे नाही, दुकानदाराकडे नाही, थेट वावरात गेल्या आणि कमरेला ओटी बांधून वेचणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसल्या. त्यांच्यात लीलाबाई होती. नवरा फवारणी करायचा आणि ही ड्रमात औषध कालवून त्याचा पंप भरून द्यायची. कालवायला कधी काडी, कधी हात.

"रक्त काहून दिलं व माय?" देवकाबाईंनी विचारलं.

"कंट्रोलचं होतं न थे," दुसरीच एक बाई म्हणाली. "तिथं थम लावला, मंग इथं बी लावला. नाही लावला तं नाव कटन, धान्य बंद होईन."

"कोन म्हनलं नाव कटन?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. "कोनी नाही म्हनलं. आमालेच वाटलं."

मी तिथेच बांधावर उभी होते. जमीन दुभंगावी असं म्हणतात ते काय असतं ते मला तेव्हा कळलं. मी एका शब्दानं खोटं बोलले नव्हते, कोणाला धमकावलं नव्हतं. फक्त टेबल चुकीच्या जागी मांडलं होतं.

लीलाबाई खाली मान घालून बोंडं उपसत होती. मग म्हणाली, "मले नव्हतं द्याचं. रक्तात औषध निंगालं असं गावात झालं, तं मले कोन कामाले बोलावन? म्हनतीन, हे वावरात पडन अन् आपल्या अंगावर येईन."

परतताना जीपमध्ये मी डोळे पुसत होते, तर देवकाबाईंनी माझ्या हातात फुटाणे ठेवले. "रडाले टाइम नाही. परत इचारा लागन."

"कोणाला?"

"सगळ्याईले."

सरांचा आवाज त्या दिवशी मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. रक्त घेऊन झालंय, नळ्या फ्रिजमध्ये आहेत, अर्ध्यांच्या तपासण्याही झाल्यात, हंगाम संपत आला, आता परत विचारायचं म्हणजे सगळा अभ्यास बुडवायचा का? ह्या अभ्यासानं उद्या शेकडो मजुरांचा जीव वाचू शकतो. आणि हवं तर नावं काढून टाकू. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. मग कोणाचं काय बिघडतं?

"नाव काढल्यानं रक्त दुसऱ्याचं होते काय?" देवकाबाई म्हणाल्या. "तिनं नाही दिलं थे. तिनं धान्यासाठी अंगठा लावला अन् तुमी सुई टोचली."

"पण तिच्याच भल्यासाठी ना, बाई."

"तिचं भलं तिले इचारून करा."

अध्यक्षांनी मध्ये पडून सांगितलं की बाईंचं मत नोंदवून घेऊ आणि पुढे जाऊ. बाकी सगळ्यांचं एकमत आहे. देवकाबाईंनी पिशवी खांद्याला लावली.

"मी नसली तं बैठक होत नाही, असा नियम हाय न?"

"आहे, पण..."

"मंग ही मी चालली."

त्या दारापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. शिपायाला दार लावावं की उघडं ठेवावं कळेना. आत सगळे घड्याळाकडे पाहू लागले. वकीलसाहेबांनी नियमांची पुस्तिका काढून पानं चाळली आणि मिटून ठेवली, कारण नियम खरंच तसाच होता. अध्यक्ष म्हणाले, "बसा, बाई." त्या म्हणाल्या, "परत इचारनार का?" अध्यक्षांनी सरांकडे पाहिलं. त्या तशाच उभ्या. त्यांच्या गुडघ्यांना तेव्हाच त्रास सुरू झाला होता, हे मला ठाऊक होतं, आणि मला वाटत होतं की आता ह्या खाली बसतील. त्या बसल्या नाहीत. शेवटी सरच म्हणाले, "विचारा. काय विचारायचं ते विचारा."

मग बाईंनी अटी सांगितल्या. कंट्रोलसमोर नाही, ग्रामपंचायतीत नाही, बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत. एकेकाला आत घ्यायचं. सरपंच नको, दुकानदार नको, सर तर मुळीच नको. मी तोंडानं सांगायचं, मग समोरच्यानं ते आपल्या शब्दांत मला परत सांगायचं. सांगता नाही आलं तर चूक माझी, परत सुरुवात. हो म्हणणाऱ्याला जो चहा, तोच नाही म्हणणाऱ्याला. आणि नाही म्हणणाऱ्याला काहून म्हणून विचारायचं नाही.

ही शेवटची अट मला पाळता येईना. पहिल्याच माणसानं नाही म्हटलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "काहून, दादा?" बाहेर बसलेल्या देवकाबाईंनी हातातला पेला फरशीवर असा आपटला की दादाच दचकले. "काहून इचारलं की त्याले कारन शोधा लागते," त्या मला नंतर म्हणाल्या, "अन् कारन सापडलं नाही की मानूस हो म्हनते."

दिवसभरात अकरा जणांनी नाही म्हटलं. बाकीच्यांनी हो म्हटलं, पण तेही सरळ नाही, शंभर प्रश्न विचारून. एक म्हातारबुवा म्हणाले, "आजपावेतो रक्त लय जनाईनं घेतलं, इचारलं कोनीच नव्हतं. घे, तुले किती पाहिजे थे घे." मी हसले आणि मग मला ते सहन होईना, म्हणून बाहेर जाऊन तोंडावर पाणी मारून आले. लीलाबाई दुपारी आली. सगळं ऐकलं, सगळं जसंच्या तसं मला परत सांगितलं, माझ्यापेक्षा सोप्या शब्दांत. मग म्हणाली, "नाही." आधी हळू. मग जरा मोठ्यानं, "नाही, मले नाही द्याचं." देवकाबाईंनी तिला चहा दिला.

अकरा नळ्या यवतमाळला वेगळ्या काढल्या गेल्या. त्या नष्ट करण्याआधी टेक्निशियननं मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्यातल्या काहींची तपासणी आधीच झालीये, आणि एकीचा आकडा चांगला नाही. ती लीलाबाई होती.

मी ते देवकाबाईंना सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी त्या सरांच्या केबिनमध्ये हजर. सरांचं म्हणणं कायद्यानं चोख होतं. ती अभ्यासातून बाहेर पडली आहे. तिची नोंद पुसायची आहे. जी नोंदच नाही तिचा रिपोर्ट कुठून देणार? ती हो म्हणाली तर रिपोर्ट आजच देतो, डॉक्टरही दाखवून देतो.

देवकाबाईंचा चेहरा लाल झाला. मी त्यांना चिडलेलं बरेचदा पाहिलं होतं, पण हे निराळं होतं. "रक्त काढतानी थे तुमची होती, अन् रिपोर्ट देतानी परकी झाली? नाही म्हनली म्हनून तिले तिचंच दुखनं नाही सांगनार?"

"मी तसं म्हटलं नाही."

"तसंच म्हनलं, सर. हो म्हन, मंग सांगतो. ह्याले इचारनं नाही म्हनत. ह्याले अडवनं म्हनतात."

त्या खुर्चीवर बसून राहिल्या. पेशंट येत होते, जात होते. सर फोनवर बोलत होते, सह्या करत होते. जेवणाच्या सुट्टीला त्यांनी पिशवीतून भाकर काढली आणि तिथेच खाल्ली, सरांनाही अर्धी दिली. सरांनी ती घेतली. दोघं जेवले. मग सरांनी ड्रॉवर उघडला आणि रिपोर्ट काढून त्यांच्यापुढे ठेवला. "माझी चूक झाली," एवढंच म्हणाले. म्हणूनच मी म्हणते, सर वाईट माणूस नव्हते.

लीलाबाईला डॉक्टरांनी तपासलं, औषधापासून लांब राहायला सांगितलं. तिचं कालवणं सुटलं, वेचणीचं आणि निंदणाचं काम राहिलं. गावात कोणाला काही कळलं नाही. ती एकदा देवकाबाईंचा हात धरून म्हणाली, "मावशी, आना थो कागद. आता लावतो अंगठा."

"कायले?"

"तुमी एवढं केलं माह्यासाठी."

"माह्यासाठी लावतं काय? मंग तं अजिबात नको," म्हणाल्या, आणि विषय संपवला.

अभ्यास पूर्ण झाला. अकरा जण कमी असूनही झाला, आभाळ कोसळलं नाही. आणि काही दिवसांनी देवकाबाईंना कमिटीकडून पत्र आलं. मुदत संपली आहे, आपल्या सहकार्याबद्दल आभार. मुदत बाकी सगळ्यांचीही संपली होती. त्यांची वाढली. बाईंच्या जागी एक निवृत्त गृहस्थ आले. ते बिस्किट चहात बुडवून खातात आणि फार सज्जन आहेत.

देवकाबाईंना हे मनाला लागलं. त्या साध्वी वगैरे नव्हत्या, भयंकर चिडल्या. चार दिवस मला फोन करून करून एकेकाचा उद्धार केला, अर्थात शिवी न देता. यवतमाळातला एक पत्रकार माझ्या ओळखीचा होता. तो म्हणाला, बातमी जबरदस्त आहे, छापतो, बाईंना परत घ्यावंच लागेल. फक्त ती मजूर बाई समोर पाहिजे. नाव, एक फोटो, दोन वाक्यं. त्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? देवकाबाई लगेच तयार झाल्या. आम्ही दोघी सकाळच्या गाडीनं निघालो, आणि इतक्या उत्साहात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अध्यक्षांच्या तोंडावर काय बोलायचं तेही त्यांनी ठरवून ठेवलं होतं.

लीलाबाईनं पाट टाकला, चहा ठेवला. देवकाबाईंनी सगळं सांगितलं. पत्रकार काय मागतो, त्यानं काय होईल, त्यांचं काय होईल, आणि गावात तिचं काय होऊ शकतं, तेही. काही लपवलं नाही. लीलाबाई बराच वेळ चुलीतल्या लाकडाशी खेळत राहिली.

"नाही, मावशी. पेपरात नको."

मी देवकाबाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले. अख्ख्या एसटीला गप्प करणारी ती बाई. दोन वाक्यांत तिनं लीलाबाईला वळवलं असतं. लीलाबाई तिच्या उपकारात होती, तिचा शब्द खाली पडू दिला नसता. मला मनातून वाटत होतं, बोला, मावशी, बोला.

"बरं," देवकाबाई म्हणाल्या. आणि चहा प्यायला.

रस्त्यावर जीपची वाट पाहत उभ्या असताना पत्रकाराचा फोन आला. मी फोन त्यांच्याकडे दिला. तो आर्जव करत होता, अहो, तिला समजावा ना जरा, तुमचं ऐकेल ती. "ऐकन," देवकाबाई म्हणाल्या. "समजवाले मले येते. म्हनूनच नाही समजवत." आणि फोन मला परत दिला. दिग्रस आलं. तेव्हा त्या खिडकीबाहेर पाहतच म्हणाल्या, "लय राग आला मले तिचा."

त्या कमिटीवर त्या परत कधीच गेल्या नाहीत.

गेल्या हिवाळ्यात मी हे सगळं लिहून काढलं आणि वाचून दाखवायला दारव्ह्याला गेले. बसस्टँडच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर. गुडघे पार गेले होते, भिंतीला धरून चालायच्या. डोळे मिटून ऐकलं. मध्ये दोनदा थांबवलं, एकदा किस्सा चुकला म्हणून, एकदा मी त्यांना बुटकी म्हटलं म्हणून. तरी ते राहू दे म्हणाल्या, खरं आहे. वाचून झालं. मी वाट पाहत होते की आता काहीतरी चांगलं म्हणतील. खरं सांगते, मला कौतुक हवं होतं.

"लीलाले इचारलं?"

"तिचं नाव बदललंय ना, मावशी. गावही नाही सांगितलं."

त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे नुसतं पाहिलं. सर काय म्हणाले होते ते मला त्याच क्षणी आठवलं. नाव नाही, गाव नाही, नुसता नंबर. इतकी वर्षं त्या बाईच्या पायाशी बसून मी सरांचंच वाक्य घेऊन आले होते.

"कागद ठेव पिशवीत," त्या म्हणाल्या. "महागावची गाडी साडेअकराले हाय. जाय."

"चहा तरी..."

"जाय म्हनलं न."

भिंत धरत त्या दारापर्यंत आल्या. मी वळून पाहिलं तर पाय अंतरावर रोवून उंबऱ्यात उभ्या होत्या, चष्मा डोळ्यांवर, मी खरंच गाडीकडे जाते की नाही ते पाहत. तेव्हाच मी त्यांना शेवटचं पाहिलं. उन्हाळ्यात त्या गेल्या, आणि त्या दिवशी मी पुण्यात एका ट्रेनिंगला होते, ह्याचा मला आजही राग आहे.

लीलाबाईला मी त्याच दुपारी अंगणात बसून सगळं वाचून दाखवलं. तिनं परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "औषधाचं छाप. मावशीचं तं सगळंच छाप, बिलकुल सोडू नको. पन माह्या पोरीचं जे लिहिलं थे काढ." मी काहून म्हणून विचारलं नाही. तिच्यासमोरच पेन काढून तो भाग खोडला. मावशीला फोनवर सांगितलं तर त्या "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दीड पान होतं. माझ्या मते ह्या लेखातलं सगळ्यात चांगलं जमलेलं. ते इथे नाही.